मुलाकडे बघायला शिकवणाऱ्या ताराबाई

अंगणवाडीत आरोग्य पथक येते तो दिवस गडबडीचा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे हे पथक वर्षातून दोनदा येते. त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. वजन-उंची, डोळे, कान, दात, त्वचा यांच्याबरोबरच मूल चालते कसे, बोलते किती, हात कसे वापरते हेही पाहायचे असते. एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. अनोळखी माणसे पाहून एक मूल रडू लागते, दुसरे ताईच्या पदराआड लपते, तिसरे तोंडच उघडत नाही. हे तिसरे मूल लाजते आहे, की त्याला ऐकूच येत नाही? त्या काही मिनिटांत डॉक्टरला ते ठरवता येत नाही. उत्तर असते अंगणवाडीताईकडे, कारण ती त्या मुलाला रोज बघत असते.

मुलाला त्याच्या ओळखीच्या जागी, रोज, खेळताना बघणारे माणूस असले पाहिजे आणि त्या माणसाला बघायचे कसे हे शिकवले पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी रुजवला त्या ताराबाई मोडक. त्या डॉक्टर नव्हत्या. आज ज्याला आपण विकासात्मक तपासणी म्हणतो, तसे काही त्यांनी सुरू केले नाही. पण आजची तपासणी ज्या अंगणात होते, ते अंगण त्यांनी घडवले.

राजकोटहून भावनगरला

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, पदरी लहान मुलगी असताना असा निर्णय घेणे सोपे नव्हते. त्या काठेवाडात गेल्या आणि राजकोटच्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि स्थिर नोकरी होती.

ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या. गिजुभाईंनीही वकिली सोडली होती आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिक्षण कशाला, असे विचारले जाण्याचा तो काळ. लहान मूल म्हणजे गप्प बसवायचे, खाऊ घालायचे आणि वेळप्रसंगी फटका द्यायचा, एवढीच समज होती. बालमंदिरात मारणे नव्हते, बक्षीस नव्हते, पाठांतरही नव्हते. मुले आपल्या आवडीचे साहित्य घेऊन काम करत बसत आणि शिक्षक त्यांच्याकडे लक्ष देत. ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्याच्या उभारणीत त्या गिजुभाईंच्या बरोबरीने होत्या. संघाची 'शिक्षण पत्रिका' गुजरातीत निघत असे. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ पासून चालवली.

एका डॉक्टरबाईंची पद्धत

भावनगरच्या बालमंदिरामागची प्रेरणा होती इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची, आणि मॉन्टेसरी मूळच्या डॉक्टर. १८९६ मध्ये त्यांनी रोममध्ये वैद्यकीय पदवी घेतली. त्यांचे सुरुवातीचे काम बौद्धिक वाढीत मागे पडलेल्या मुलांबरोबर होते. अशा मुलांसाठी वापरलेले साहित्य त्यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीतील बालगृहात इतर मुलांना दिले आणि त्यातून त्यांची शिक्षणपद्धती आकाराला आली. मुलांच्या उंचीच्या आणि वजनाच्या नियमित नोंदी ठेवणे हाही त्यांच्या बालगृहातील कामाचा भाग होता. म्हणजे या पद्धतीच्या मुळाशी वैद्यकातील एक जुनी सवय होती. आधी नीट बघायचे, नोंद ठेवायची आणि मग ठरवायचे.

त्यामुळेच बालमंदिरातील खेळ आणि आजच्या बालविकास तपासणीतील कृती शेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटतात. मणी ओवताना बोटांची चिमूट आणि नजर यांचा मेळ लागतो. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतताना दोन्ही हातांचा अंदाज कळतो. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालताना तोल दिसतो. ठोकळ्यांवर ठोकळे रचताना हाताची स्थिरता आणि मुलाची चिकाटी दिसते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल गोल काढून दाखवल्यावर तसाच गोल काढू लागते, ही खूण बालरोगतज्ज्ञ आजही वापरतात.

यातला सर्वांत बोलका खेळ म्हणजे शांतीचा खेळ. मुले डोळे मिटून निःशब्द बसतात. शिक्षिका दूर उभी राहून एकेका मुलाचे नाव अगदी हळू, कुजबुजत घेते. ज्याचे नाव ऐकू येईल ते मूल पाय न वाजवता उठून तिच्याकडे जाते. मुलांना हा खेळ फार आवडतो. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर ही कुजबुज ओळखण्याची श्रवणचाचणीच आहे. तीही अशी, की मूल घाबरत नाही आणि आपली परीक्षा चालली आहे हे त्याला कळतही नाही. पुन्हा पुन्हा नाव घेऊनही एखादे मूल उठत नसेल, तर ते हट्टी आहे असे म्हणण्याआधी त्याचा कान तपासायला हवा. सर्दी-पडशाने कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे लहान मुलांत सर्रास आढळते, आणि घरी ते कितीतरी दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

दादरहून बोर्डीला

भावनगर सोडून ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही त्याला जोडलेले होते. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची गोडी लागली ती याच काळात. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. या शाळांत येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. साहित्य महाग, जागा मोठी, फी ठरलेली. ज्या मुलांना या सगळ्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नव्हते.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, वयाने ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. पुढची सगळी वर्षे या दोघींनी एकत्र काम केले.

बोर्डीला शहरातली पद्धत चालणार नव्हती. आयात केलेल्या घडीव लाकडी साहित्याच्या जागी शिंपले, चिंचोके, पाने, माती, दगडगोटे, बांबू आले. शिंपले लहानमोठे लावायचे, बियांचे ढीग करायचे, पाने आकारावरून जुळवायची. काम तेच, खर्च मात्र जवळजवळ शून्य. दिवसाची सुरुवात स्वच्छतेने होई. तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, चिकट डोळे पुसणे. हे सुसंस्कृत दिसण्यासाठी चालले आहे असे कोणाला वाटेल. पण रोज सकाळी प्रत्येक मुलाचा हात हातात घेऊन त्याचा चेहरा जवळून पाहणाऱ्या बाईला खरूज, डोळे येणे, फुटलेला कान, फिकट पडलेल्या पापण्या, सुकत चाललेले दंड हे सगळे दिसतेच. मूल कालपेक्षा आज मलूल आहे, हेही तिलाच कळते.

मुले येत नाहीत, तर बालवाडीच जाईल

बालवाडी काढली तरी वारली पाड्यांवरची मुले तिथे येईनात. घर लांब, आई-बाप पहाटेच मजुरीवर गेलेले, आणि बालवाडीतले वातावरण परके. मग ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडी पाड्यावर नेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे सारवलेले अंगण किंवा झाडाची सावली, तिथेच मुले जमवायची, तिथेच आंघोळ, गाणी, खेळ, गोष्टी. बालवाडी अंगणात आली म्हणून अंगणवाडी. आज देशभर वापरल्या जाणाऱ्या या शब्दाचे आणि त्यामागच्या कल्पनेचे श्रेय सर्वसाधारणपणे या दोघींनाच दिले जाते.

अंगणात गेल्याचा एक फायदा वैद्यकीय दृष्टीने फार मोठा होता. मूल घाबरलेले नसताना, आजी समोर बसलेली असताना, भावंडे भोवती असताना ते जे करते, ती त्याची खरी कुवत. परक्या खोलीत, परक्या भाषेत विचारले की हेच मूल मुके होते. वारली मुलांची घरची बोली आणि शाळेतली मराठी यांत अंतर होते. शाळेत न बोलणाऱ्या मुलाला मंद ठरवणे सोपे होते. त्याच्या अंगणात बसल्यावर तेच मूल भावंडांशी भरभरून बोलताना दिसे. आणि जे मूल अंगणातही बोलत नाही, त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज आहे हेही तिथेच स्पष्ट होई. हा फरक आजच्या प्रत्येक तपासणीत कळीचा आहे. मुलाच्या घरच्या भाषेत न घेतलेली भाषेची चाचणी काहीच सांगत नाही.

दुसरी अडचण मोठ्या मुलींची होती. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन फिरते, म्हणून शाळेत येत नाही. त्यावर ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला नाव दिले विकासवाडी. थोरली वर्गात, मधले बालवाडीत, धाकटे पाळणाघरात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. १९५० च्या दशकातच हे सारे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे बहरले.

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकाच जागी देणाऱ्या या केंद्रांचे नाव ठरले अंगणवाडी. देशात आज अशा तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताराबाईंनी ते पाहिले नाही.

बघण्याला चाळणीची जोड

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली ती पालघरला, म्हणजे कोसबाडच्या शेजारच्या तालुक्यात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, जीवनसत्त्वे-खनिजांच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील सुमारे तीस स्थिती यात शोधल्या जातात. सहा वर्षांखालील मुलांची तपासणी अंगणवाडीत होते आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती आणली. तिच्यात लवकर ओळखण्याची पहिली पायरी अंगणवाडीताईच आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तपासणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलात दोष असतो असे नाही. पुढच्या तपासणीत अनेक मुले ठीक निघतात. पण चाळणी लावलीच नाही, तर ज्या मुलांना मदत हवी ती शाळेच्या पहिली-दुसरीपर्यंत तशीच जातात, आणि तोवर मौल्यवान वर्षे निघून गेलेली असतात. मेंदूतील भाषेच्या जोडण्या आवाज ऐकूनच बनतात. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बाळाला पहिल्या वर्षात श्रवणयंत्र मिळाले तर त्याचे बोलणे आणि चौथ्या वर्षी मिळाले तर त्याचे बोलणे, यांत फार फरक पडतो. तिरळेपणाने किंवा मोठ्या नंबराने मंद झालेला डोळा सहा-सात वर्षांच्या आत उपचार मिळाल्यास चांगला सुधारतो. पुढे ते कठीण होत जाते.

वाघोलीतली दोन अंगणे

ताराबाईंना बोर्डीत पडलेला प्रश्न आज पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरच्या वाघोलीत वेगळ्या रूपात दिसतो. हे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले. एका बाजूला उंच इमारती आणि सोसायट्यांमधल्या खासगी नर्सरी, दुसऱ्या बाजूला बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आणि जुन्या दगडखाणींभोवतीच्या वस्त्या. याच खाणींमध्ये १९९० च्या दशकात 'संतुलन' संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा काढल्या. कुरणशाळेचेच ते दुसरे रूप.

सरकारी पथक जाते अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळांत. त्यामुळे इथली दोन टोकांची मुले या चाळणीतून सहज निसटतात. मजुराचे मूल निसटते, कारण काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते आणि मुलाचे नाव कोणत्याच अंगणवाडीत नसते. नोकरदार घरातले मूल निसटते, कारण त्याची नर्सरी या योजनेत येतच नाही. दोन्ही घरांत आई-बाप दिवसभर कामावर असतात. एका घरी मूल मोठ्या बहिणीकडे सोपवलेले, दुसऱ्या घरी मोबाइलसमोर बसवलेले. आणि दोन्ही घरांत एकच समजूत असते, की घरात सगळेच उशिरा बोलायला लागले, हेही बोलेल. शिवाय एकाच इमारतीच्या पायथ्याशी मराठवाड्याची मराठी, कन्नड, हिंदी, भोजपुरी ऐकू येते. बोर्डीतला बोलीचा धडा इथेही लागू पडतो.

ताईने आणि पालकांनी काय पाहावे

पुढील गोष्टी आढळल्यास वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे :

• नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नाही.
• वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यास वळून बघत नाही, किंवा बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही.
• दीड वर्षाचे होऊनही स्वतः चालत नाही, किंवा अर्थपूर्ण असा एकही शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांचे होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नाही.
• डोळ्याला डोळा देत नाही, बोटाने दाखवत नाही, इतर मुलांत अजिबात रमत नाही.
• डोळा तिरळा वाटतो, वस्तू अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहते.
• कोणत्याही वयात, आधी येत असलेले बोलणे किंवा कौशल्य गमावते. याची दखल तातडीने घ्यावी.

अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः फार कमी वजनाचे किंवा जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेले मूल असेल, तर काही दिसत नसतानाही त्याची विकासाची तपासणी नियमित करून घ्यावी. अंगणवाडीत नाव नसलेल्या मुलाचे नाव घालता येते, कुटुंब दुसरीकडून आलेले असले तरीही. खासगी नर्सरीत मूल जात असेल, तर लसीकरणाच्या भेटीतच डॉक्टरांना विकासाबद्दल विचारावे. नर्सरीच्या शिक्षिकेने एखादी शंका बोलून दाखवली, तर तो अपमान मानू नये. तिने सांगितले म्हणजे तिने बघितले.

शिक्षिकांनीही सांगताना जपावे. मुलावर नावाचा शिक्का मारू नये, दुसऱ्या मुलाशी तुलना करू नये आणि चारचौघांत तर बोलूच नये. काय पाहिले तेवढे सांगावे, त्याला कोणता आजार आहे ते डॉक्टरांवर सोडावे. मुलाला काय येत नाही याच्या आधी त्याला काय येते ते पालकांना सांगितले, की ते पुढचे ऐकून घेतात.

अंगणवाडीताईवर आज आहार, नोंदी, मोबाइल ॲपवरची माहिती, सर्वेक्षणे अशा कामांचा मोठा भार आहे. त्यात मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळण्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. ताराबाईंच्या पद्धतीत तोच वेळ मुख्य काम होता. विकासातला विलंब लवकर ओळखायचा असेल, तर दिवसातला तेवढा वेळ ताईकडे मोकळा राहिला पाहिजे, आणि तिने शंका सांगितल्यावर मुलाला तपासणारे केंद्र तिच्या आवाक्यात असले पाहिजे.